क्रोधाचा स्वर आणि कागदाचा स्वर

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून माझा भाचा काही दिवस आमच्याकडे जबलपूरला राहावयास आला होता. एके दुपारी त्याच्या खोलीतून असा काही कोलाहल उठला की, कूलरची मोटर जळाली असे समजून मी धावत गेलो. कूलर सुरळीत चालू होता. चिरंजीव पलंगावर पडून गाणी ऐकत होते. "मामा, याला हार्डकोअर पंक म्हणतात," त्याने सांगितले, आणि मी भुवया उंचावल्याचे पाहून पुढे विचारले, "इतका राग मराठीत कुठे आहे, सांग बघू."

प्रश्न उद्धट होता, पण टाकाऊ नव्हता. पुढील दोन-तीन दिवस मी ती गाणी कान देऊन ऐकली. एकेक गाणे दीड-दोन मिनिटांत संपते. कित्येक मिनिटभरही चालत नाहीत. मोजक्या स्वरसंगती, तालवाद्यांचा धावता मारा आणि गाण्याच्या जागी जवळजवळ ओरडणे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत हा पंथ उदयास आला. वॉशिंग्टन शहरातील कृष्णवर्णीय तरुणांचा 'बॅड ब्रेन्स' आणि त्याच शहरातील 'मायनर थ्रेट' हे त्यातील आद्य संच होत. पुढे तो देशोदेशी पसरला. मुंबईतही 'द रायट पेडलर्स', 'डेथ बाय फंगी' असे संच निघाले. माझ्या कानांना त्यात सूर सापडला नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. परंतु त्यातील राग खोटा आहे, असे मात्र मला म्हणता येईना.

तरीही काही उणे वाटत होते. विचार करता असे ध्यानात आले की, आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे रौद्ररसाचा स्थायीभाव जो क्रोध तो भरपूर आहे, पण त्याचा आलंबन विभाव जागेवर नाही. रागावलेला माणूस समोर आहे. ज्याच्यावर तो रागावला आहे तो मात्र सभागृहात आलेलाच नाही. गाणारे आणि ऐकणारे एका मताचे. आमच्या शाहिराच्या मेळ्यातही बहुधा हेच घडते. डफावर थाप पडते, अंगावर काटा उभा राहतो, आणि ज्याला ऐकवावयाचे तो आपल्या घरी स्वस्थ जेवत असतो. त्या जेवणाऱ्यालाही कलाकृतीत आणून बसविले तर काय होईल? भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी त्याला जो चित्रपट दाखविला, त्यात नेमके हेच घडले आहे.

तो चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला आणि तेथे गौरविला गेला. पुढील वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. दिग्दर्शकाची ही पहिलीच पूर्ण लांबीची कृती. कथानक दोन ओळींचे आहे. नारायण कांबळे नावाचा वृद्ध लोकशाहीर मुंबईत भर कार्यक्रमात पकडला जातो. आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. मग तारखा पडत जातात. गाणी संभाजी भगत यांची आहेत आणि शाहिराची भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली आहे. ते व्यवसायाने नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत, नागपूरलाच त्यांचे निधन झाले.

शाहीर व्यासपीठावर उभा राहून गातो तेव्हा त्या गाण्यात भाच्याला हवा होता तेवढा राग आहे. पण दिग्दर्शकाने तो राग एका थंडगार पेटीत ठेवला आहे. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. दूर, किंचित उंच, न्यायालयाच्या भिंतीला टेकून बसल्यासारखा तो सारे पाहत राहतो. कोणी आवाज चढवीत नाही. सरकारी वकील बाई कलमे आणि दाखले अशा एकसुरी लयीत वाचून दाखवितात की, कोणी वाणसामानाची यादी वाचावी. न्यायाधीश साक्षीतले निवडक तेवढे इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात. तेवढेच घडले असे ठरते, उरलेले हवेत विरून जाते.

मृत कामगाराच्या विधवेच्या साक्षीपाशी चित्रपटाचे मर्म आहे. ती काही आरोप करीत नाही, रडतही नाही. नवऱ्याला कसलीही साधने मिळत नसत. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरे. गटारातील वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत हवा आहे की नाही हे झुरळे दिसतात की नाहीत यावरून तो ठरवी. विचारलेल्या प्रश्नांची ती सरळ उत्तरे देते, एवढेच. ही भूमिका ज्या उषा बाणे यांनी केली, त्या स्वतः अशाच एका सफाई कामगाराच्या विधवा. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे आपल्या संसदेने २०१३ च्या कायद्याने दंडनीय ठरविले, हे येथे आठवते. म्हणजे एका माणसाला कशाने मारले हे सर्वांसमक्ष उघड झालेले आहे, आणि तरीही खटला गाण्यावरच चालू राहतो. या प्रसंगाला मी रौद्र म्हणणार नाही. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव. येथे ती जुगुप्सा गटाराबद्दल वाटत नाही, त्या दालनातल्या सभ्य शांततेबद्दल वाटते.

आणि ही शांतता बाळगणारी माणसे दुष्ट असती तर किती सोपे झाले असते! पण सरकारी वकील बाई संध्याकाळी घरी जाऊन मुलांची, नवऱ्याची जेवणे करतात. जेवणाच्या सुटीत सहकाऱ्यांशी बोलताना, तेच तेच चेहरे पाहून कंटाळा आला, वीस वर्षे देऊन एकदाचे मोकळे करावे, अशा अर्थाचे काही त्या सहज बोलून जातात. आपण त्यांना नावे ठेवू शकत नाही, कारण दमलेल्या नोकरदार बाईची ती खरीखुरी भाषा आहे. क्रोधाचे आलंबन पडद्यावर आले आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा दिसला, की प्रेक्षकाचा क्रोध कोठे टेकावा तेच कळेनासे होते. माझ्या मते 'कोर्ट'चे भयानकत्व येथे आहे.

आम्हां बृहन्महाराष्ट्रातील प्रेक्षकांना त्यातील आणखी एक प्रसंग निराळ्या रीतीने बोचतो. या बाई सहकुटुंब एका मराठी नाटकाला जातात. नाटकात उत्तरेकडून आलेल्या परप्रांतीयाची यथेच्छ टवाळी चालते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. मी तो प्रसंग जबलपुरात बसून पाहिला. आमची तिसरी पिढी या शहराच्या अन्नपाण्यावर वाढली. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. राज्यांची नवी मांडणी झाल्यावर विदर्भ तिकडे गेला आणि मध्यप्रदेशच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आमच्या गावी आले. येथे आम्हीच परप्रांतीय, आणि शेजारच्या हिंदी भाषिकांनी आमच्यावर असे नाटक बसविले नाही. त्या टाळ्यांत मला माझ्याच भाषेचा आवाज ऐकू आला आणि मान खाली गेली. शाहिराचे गाणे गुन्हा ठरते, ही टवाळी करमणूक ठरते. दिग्दर्शक त्यावर एक अक्षर बोलत नाही.

या कृतीत मला एक उणीवही वाटते, ती सांगितली पाहिजे. बचावाचा वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश या तिघांच्याही घरी, सहलीत, जेवणात दिग्दर्शक आपल्याला नेतो. शाहीर मात्र आरंभीच्या शिकवणीच्या वर्गापुरता आणि व्यासपीठापुरता दिसतो. तो कोणाशी भांडतो, कशाने हसतो, गाणे सुचते तेव्हा कसा दिसतो, हे कळत नाही. व्यवस्थेने त्याला कागदावरचे नाव केले. चित्रपटानेही त्याला थोडेसे तसेच ठेवले.

ही उणीव भरून काढणारी कृती त्याच्या तीन वर्षे आधीच निर्माण झाली होती, हा योगायोग पाहण्यासारखा आहे. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून लांब अनुबोधपट २०११ साली पूर्ण झाला. त्याच्या चित्रीकरणाला चौदा वर्षे लागली होती. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी कवी आणि गायक विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. पटवर्धनांच्या आधीच्या चित्रपटात त्यांचा आवाज होता; मित्राच्या मृत्यूपासून या चित्रपटाचा शोध सुरू होतो, आणि कॅमेरा वस्त्यांत, घरांत, ओट्यांवर, गाणाऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो. त्यातच पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मंडळीही भेटतात. पुढे २०११ मध्ये त्यांतील काही जण भूमिगत झाले. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर हजर झाले, त्यांना अटक झाली, आणि माळी यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा २०१७ साल उजाडले होते. 'कोर्ट'मधील तारखांचा हिशेब कल्पनेतला नाही, हे यावरून दिसेल.

आता हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावे. एकात गाण्याने माणूस मारला असा आरोप आहे, आणि तो रचलेला आहे. दुसऱ्यात गाणाराच मेला, आणि ते खरे आहे. पहिल्यात कायदा विचारतो, गाणे माणसाला मृत्यूकडे नेते काय? दुसरा चित्रपट त्याचे उत्तर न सांगता देतो: जेथे गोळी, गटार आणि उपेक्षा ही तिन्ही हजर आहेत, तेथे इतके दिवस माणसे जगली ती काही अंशी गाण्याच्या आधाराने. घोगरे यांचे मरण हे गाण्याचे सामर्थ्य किंवा दौर्बल्य यांचा पुरावा म्हणून वापरणे मला क्रूर वाटते. पटवर्धनांनी तसे केलेले नाही. त्यांनी फक्त त्या आवाजाभोवतीचे आवाज आपल्याला ऐकविले.

परदेशातील पंक गाण्यांवरही असा एक अनुबोधपट आहे: पेनेलोपी स्फीरिस यांचा १९८१ चा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन'. लॉस एंजेलिसच्या संचांचे ते चित्रण. कोलाहलात कळेनासे होणारे काही गाण्यांचे शब्द तेथे पडद्यावर अक्षरांत उमटतात, आणि ओरडणाऱ्याला काही म्हणावयाचे होते हे एकाएकी कळते. आरडाओरड अक्षरांत उतरल्याने माणूस उघड होतो. 'कोर्ट'मध्ये साक्ष अक्षरांत उतरल्याने माणूस झाकला जातो. लेखणी तीच, लिहिणाऱ्याचे मन निराळे.

लेखणीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट लिहितो. आमच्या जबलपूरचे हरिशंकर परसाई यांनी 'भोलाराम का जीव' या कथेत ही वेदना हास्याच्या वेषात फार पूर्वी सांगून ठेवली आहे. याच शहरातल्या एका मृत पेन्शनराचा जीव यमलोकी पोहोचत नाही. शोध घेता तो पेन्शनच्या फायलीत अडकलेला सापडतो. ही कथा मी विद्यार्थिदशेत वाचली आणि पोट धरून हसलो. आज मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. काही महिन्यांपूर्वी कुटुंब निवृत्तिवेतनाचा एका विधवेचा अर्ज माझ्या मेजावर आला. दोन दाखल्यांत तिच्या नावाची अक्षरे जुळत नव्हती. मी इंग्रजीत आक्षेप नोंदवून कागद परत पाठविला. नियमाने ते बरोबर होते. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा मी मान वर न करता तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा सांगितले.

'कोर्ट'मधील सरकारी वकील बाई वाचू लागल्या तेव्हा तो स्वर मी ओळखला. भाचा शाहिराच्या बाजूने रागावून पाहत होता. मी मात्र दुसऱ्या बाजूला बसलो होतो. चित्रपटाच्या अखेरीस न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, दालनातले दिवे विझतात, सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेतात. मुले ओरडून त्यांना जागे करतात. ते एका मुलाला चपराक देऊन पुन्हा डोळे मिटतात. "एवढ्यावर संपला?" भाच्याने विचारले. मी होय म्हणालो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी तो अर्ज पुन्हा काढला. कोणता कागद हवा, तो कोठे मिळेल आणि कोणाच्या सहीने, हे तिला वाचता येईल अशा साध्या हिंदीत लिहून पाठविले. त्यात पराक्रम काही नाही. नियम आहे तेथेच आहे आणि प्रकरण अजून निकालात निघालेले नाही. एखाद्या कलाकृतीने माणूस बदलतो, असा दावा करण्याचे धाडस मला होत नाही. आपला स्वर आपल्याला एकदा ऐकू येतो, इतके मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

भाचा परत गेला. जाताना त्याची ती गाणी तो माझ्याही मोबाईलवर घालून गेला आहे. अधूनमधून मी ती ऐकतो. सूर अजूनही सापडत नाही. पण हा माणूस ज्याच्यावर ओरडतो आहे तो या क्षणी कोठे बसला असेल, हा प्रश्न आता ऐकताना सोबत असतो.