शेवंतीचा वास आणि कोळशाची गाडी

डी. एच. लॉरेन्स हे नाव आपल्याकडील सुशिक्षित घरांत पूर्वी जरा दबक्या आवाजातच उच्चारले जाई. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही त्याची कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील एका ग्रंथविक्रेत्यास झालेली शिक्षा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि लॉरेन्स कपाटातल्या मागच्या रांगेत जाऊन बसला. ज्यांनी त्याला वाचले नव्हते त्यांनी नावे ठेवली. ज्यांनी वाचले त्यांतल्या पुष्कळांनी नेमकी हवी ती पाने शोधून वाचली. या साऱ्या गडबडीत एक साधी गोष्ट बाजूला राहिली. हा लेखक कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा होता, आणि खाण, खाणीची आगगाडी व त्या दोहोंच्या आधाराने उभे राहिलेले एक लहानसे गाव यांविषयी त्याने जे लिहिले, ते त्याच्या बाकीच्या पुष्कळ लेखनापेक्षा सरस आहे. दिवाळीच्या दिवसांत चारचौघांत बसून वाचावा असाही एक लॉरेन्स आहे. आज त्याच्याविषयी लिहावयाचे आहे.

त्याचे गाव ईस्टवुड. नॉटिंगहॅमपासून आठेक मैलांवर, एरेवॉश नावाच्या लहान नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेल्या टेकडीवर ते वसले आहे. ११ सप्टेंबर १८८५ रोजी लॉरेन्स तेथे जन्मला. या गावाला रेल्वेच्या इतिहासात एक मानाचे पान आहे. १८३२ च्या ऑगस्टमध्ये तेथल्या ‘सन इन’ नावाच्या सराईत आसपासचे खाणमालक जमले होते. शेजारच्या परगण्यात स्वॅनिंग्टनहून लेस्टरला नवी रेल्वे सुरू झाली होती, आणि तिकडचा कोळसा लेस्टरच्या बाजारात स्वस्तात येऊ लागला होता. एरेवॉशचा कोळसा कालव्यातून नावांनी जात असे. तो महाग पडू लागला. तेव्हा आपणही रेल्वे बांधावी असे मालकांनी ठरविले. त्या बैठकीतून ‘मिडलँड काउंटीज रेल्वे’ निघाली, आणि १८४४ साली ती इतर दोन कंपन्यांत मिसळून इंग्लंडातील एक बलाढ्य रेल्वे कंपनी, ‘मिडलँड रेल्वे’, जन्मास आली. गंमत अशी, की ज्यांनी बैठक भरविली त्यांच्याच खोऱ्यातील फाटा पहिल्या योजनेतून गळला. तो रूळमार्ग व्हावयास १८४७ साल उजाडले! व्यापाराच्या पोटी जन्मलेल्या गोष्टींचे असेच व्हावयाचे.

हा इतिहास सराईतल्या टेबलाशी बसून पाहिला तर अभिमानाचा वाटतो. लॉरेन्सने तो दुसऱ्या जागेवरून पाहिला. ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स’ ही त्याची कथा १९११ साली ‘इंग्लिश रिव्ह्यू’ मासिकात प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी चार नंबरचे एक लहानसे इंजिन कोळशाने भरलेल्या सात वाघिणी ओढीत, अडखळत, खडखडाट करीत येते. आवाज मोठा, वेग बेताचा. झुडपातून दचकून उठलेले एक शिंगरू सहज दुडक्या चालीने त्याला मागे टाकते. रुळांच्या कडेने एक बाई चाललेली असते. ती टोपली एका अंगाला धरून कुंपणापाशी सरकते, आणि वाघिणी एकामागून एक तिच्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. ही बाई पुढे कथेत पुन्हा येत नाही. तिचे नावही आपल्याला कळत नाही. तरी कथेचा सारा अर्थ तिच्या त्या उभे राहण्यात आहे: एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला लोखंड, आणि मध्ये माणसाला जेमतेम पाऊल ठेवण्यापुरती जागा.

कथेच्या नावात क्रिसॅन्थेमम् आहे, म्हणजे आपली शेवंती. इंग्रजी ‘ओडर’ या शब्दाला सुगंध म्हणता येत नाही, दुर्गंधही म्हणता येत नाही. त्यासाठी मराठीतला ‘वास’ हा शब्द अगदी मापाचा आहे. दसरा-दिवाळीला दारच्या तोरणात आणि वेणीत शेवंती माळणाऱ्या आपल्या बायकांना त्या फुलाचा वास कडवट-गोड, थंडीची चाहूल देणारा म्हणून ठाऊक असतो. एलिझाबेथ बेट्सलाही तो ठाऊक आहे, परंतु तिच्या आठवणी निराळ्या आहेत. लग्नाच्या वेळी शेवंती होती. मुलगी झाली तेव्हा शेवंती होती. आणि नवऱ्याला पहिल्यांदा दारू चढलेल्या अवस्थेत लोकांनी घरी आणले, तेव्हा त्याच्या कोटाच्या काजातही शेवंतीच होती.

कथानक चार ओळींत सांगता येईल. नवरा वॉल्टर खाणीतून परतलेला नाही. पुन्हा गुत्त्यात बसला असेल म्हणून बायको चरफडत वाट पाहते. मुलांना निजवून शोधास निघते. रात्री त्याचे प्रेत घरी आणतात. छत कोसळून तो आत कोंडला गेला आणि गुदमरून मेला. अंगावर जखम नाही. एवढेच. परंतु लॉरेन्सने ही वाट पाहणे कशाने भरले आहे ते पाहावे. घड्याळ आहे, पण खरे घड्याळ घराबाहेर आहे. खाणीच्या तोंडावरचे इंजिन धापा टाकीत माणसांना वर आणते, त्यावरून पाळी सुटल्याचे कळते. मग रुळांच्या कडेने माणसांचे घोळके घरांकडे जाऊ लागतात, त्यावरून बटाटे चुलीवरून केव्हा उतरावयाचे ते ठरते. घोळके संपतात आणि आपला माणूस त्यांत नसतो. पुढे रात्री तेच इंजिन अचानक जोरात फिरू लागते, दोर वेगाने खाली गेल्याचा आणि ब्रेक लागल्याचा आवाज येतो. ती दचकते आणि स्वतःशीच म्हणते, नऊच्या सुमारास पहाऱ्याचा अधिकारी खाली जातो, तोच असेल. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो येथे, प्रेत येते तेव्हा नव्हे. यंत्राचा आवाज ऐकून घरातल्या माणसाची खुशाली ओळखावयाची, ही विद्या खाणीच्या गावातली प्रत्येक बायको शिकते. आपल्याकडे बल्लारपूर-वणीच्या बाजूला ज्यांची घरे आहेत, त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

रेल्वेही अशीच घरात शिरली आहे. त्या इंजिनाचा चालक एलिझाबेथचा बाप आहे. तो इंजिन तिच्या दाराशी थांबवून वरूनच चहा मागतो, ती कपात चहा आणि लोणी लावलेला पाव आणून देते, आणि इंजिनच्या वाफेत बापलेकीचे बोलणे होते: त्याच्या दुसऱ्या लग्नाचे, जावयाच्या पिण्याचे. मग गाडी पुढे जाते. कंपनीच्या गाडीतून कोळसा जातो, घरची भांडणे जातात, बातम्या जातात. निव्वळ वातावरणनिर्मितीसाठी इंजिन आणणारे लेखक पुष्कळ. आगगाडीला नात्यागोत्यात बसविणारा लॉरेन्ससारखा विरळा. त्याचा एक काका १८८० साली ब्रिन्स्लीच्या खाणीत दगावला होता, आणि कथेचे बीज तेथे आहे. ही माहिती उपयोगी खरी. परंतु काका सर्वांचेच असतात, कथा सर्वांना लिहिता येत नाहीत.

कथेचा शेवट मात्र त्याला पहिल्या खेपेस साधला नव्हता. मासिकात आलेला शेवट आणि १९१४ सालच्या ‘द प्रशियन ऑफिसर’ या संग्रहातला शेवट यांत मोठे अंतर आहे. नंतरच्या पाठात प्रेत धुताना पत्नीच्या मनात जे येते ते दुःखापेक्षा कठीण आहे. हा माणूस आपल्याला कधी कळलाच नाही, आपण अंधारात एकमेकांना भेटलो आणि अंधारातच भांडलो, असे तिला उमगते. गंभीर प्रसंगात तिला जमिनीवरचे पाणी पुसावे लागते, कारण स्ट्रेचर आत आणताना एकाच्या धक्क्याने फुलदाणी फुटलेली असते. शेवंतीचे कौतुक लॉरेन्स येथे संपवून टाकतो.

येथे एका जुन्या वादाला हात घालणे भाग आहे. ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) या कादंबरीत लॉरेन्सने बापावर अन्याय केला, असे म्हणतात. ते खरेच आहे. आई पूर्वी शिकविण्याचे काम केलेली, नीटनेटकी. बाप अडाणी, दारुडा. लेखकाने आईची बाजू घेतली आणि बापाला कठड्यात उभे केले. परंतु ज्या हातांनी त्याने आरोपपत्र लिहिले, त्याच हातांनी साक्षही लिहून ठेवली आहे, आणि ती साक्ष आरोपीच्या बाजूची आहे! पहाटे सर्वांच्या आधी उठून चुलीपुढे एकट्याने न्याहारी करणारा मोरेल पाहा. काट्याला खुपसून डुकराच्या मांसाचा तुकडा विस्तवावर भाजताना तो किती सुखी असतो! मुलांना जवळ बसवून गव्हाच्या पोकळ काड्यांत दारू भरून खाणीतल्या सुरुंगाच्या वाती करणारा, खाणीतल्या तट्टाच्या खोड्या रंगवून सांगणारा बाप पाहा. लेखकाचा न्याय चुकला, डोळे चुकले नाहीत. कलावंताच्या बाबतीत मी डोळ्यांवर अधिक विसंबतो.

त्याच कादंबरीत शुक्रवारी कंपनीच्या कचेरीत बापाची मजुरी आणावयास जाणारा लहान पॉल आहे. नाव पुकारले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, पैसे मोजता येत नाहीत, मोठी माणसे हसतात. घरी येऊन तो आईला सांगतो की मी पुन्हा जाणार नाही, तेथली माणसे अशुद्ध बोलतात! मार बसला तो मानावर, आणि तक्रार केली ती व्याकरणाची. आईचा शिष्टपणा मुलाच्या तोंडी किती खुबीने घातला आहे!

ती कचेरी, डर्बन हाउस, खरोखरीची इमारत आहे. ‘बार्बर, वॉकर आणि कंपनी’ची ती कचेरी. लॉरेन्स स्वतः लहानपणी तेथे मजुरी आणावयास जात असे. पुढे तेथे काही वर्षे लॉरेन्स आणि खाणी यांचे वारसाकेंद्र होते. २०१६ साली ते बंद झाले. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे त्याचे जन्मघर मात्र संग्रहालय म्हणून जपले आहे. मोरग्रीनची खाण १९८५ साली बंद पडली. ब्रिन्स्लीच्या खाणीतून कोळसा निघणे १९३४ सालीच थांबले होते. तिच्या तोंडावरचा मोठ्या चाकांचा लाकडी सांगाडा एकदा दूरच्या संग्रहालयात गेला, १९९० नंतर मूळ जागी परत आला, आणि अलीकडे लाकूड कुजल्यामुळे उतरवून घ्यावा लागला. जेथून चार नंबरचे इंजिन जात असे तेथे आज लोक सकाळी फिरावयास जातात. घराला फर्निचर आहे, पाटी आहे. जन्मघर जपणे सोपे, मजुरीची खिडकी जपणे अवघड. माझी तक्रार एवढीच, की वारसा म्हणून लेखकाचा पलंग आधी उचलला जातो आणि कंपनीचे खातेवही मागाहून.

लॉरेन्स स्वतः या बाबतीत काय म्हणतो? १९२९ साली, मृत्यूच्या थोडे आधी, त्याने आपल्या खाणीच्या मुलखावर एक निबंध लिहिला. खाणकामगारांना मालकांनी कुरूप घरांत राहावयास लावले हाच खरा गुन्हा, असे तो तेथे आवेशाने सांगतो आणि सारे पाडून नव्याने बांधा म्हणतो. निबंधातला भूगर्भातल्या सोबतीचा भाग सुंदर आहे; अंधारात, अंगाला अंग लागून काम करणाऱ्या पुरुषांचा जिव्हाळा त्याने मनापासून टिपला आहे, आणि बापाची थोडी भरपाई केली आहे. पण प्रवचनकार लॉरेन्स जागा झाला की लेखक लॉरेन्स झोपी जातो. कुरूपता हाच गुन्हा असता, तर एलिझाबेथच्या दाराशी द्राक्षवेल आणि शेवंती असताना वॉल्टर का मेला?

याचे उत्तर ‘विमेन इन लव्ह’ (१९२०) मध्ये अधिक चांगले सापडते. फाटकापाशी कोळशाची गाडी येत असते, खाणमालकाचा मुलगा जेराल्ड आपल्या अरबी घोडीला टाचा मारून तेथेच खिळवून ठेवतो. घोडी आवाजाने वेडीपिशी होते, तिच्या कुशीतून रक्त येते, दोघी बहिणी पाहत राहतात. वाघिणी संपेपर्यंत तो ढळत नाही. हाच जेराल्ड पुढे बापाच्या खाणींत नवी यंत्रे आणतो, खर्च तपासतो, आणि त्याच्या नजरेला एक जुनी रीत पडते. कंपनीत काम केलेल्या माणसांच्या विधवांना गाडीभर कोळसा मिळत असे. जेराल्ड हिशेब करतो आणि यापुढे त्यांनी कोळशाची मूळ किंमत भरावी, असा हुकूम काढतो. लॉरेन्सने हे दोन-चार ओळींत उरकले आहे. एलिझाबेथ बेट्सची कथा आधी वाचून जो तेथवर येईल, त्याला त्या ओळींपाशी थांबावे लागेल.