बालश्रोता आणि हिप-हॉप

कोणत्याही कलेचे परीक्षण करावयाचे, तर ती कोणी निर्माण केली व तिचा पहिला श्रोता कोण, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. हिप-हॉप ह्या अमेरिकन संगीतप्रकाराच्या बाबतीत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत हा प्रश्न क्वचितच निघतो. मुलाच्या खोलीतून ते ठोके ऐकू येऊ लागले, की 'हे गाणे आहे की भांडण?' ह्या एका उद्गारात वडील मंडळींचा निकाल होतो. आणि मुलास तरी त्यातले शब्द कुठे कळतात, अशी वर पुस्ती जोडली जाते. ही पुस्तीच विचारार्ह आहे. शब्द कळत नसता ते मूल तन्मय होते, ते कशाने? आमच्या मते ह्या कलेचा गुण आणि तिचा धोका, दोन्ही ह्याच प्रश्नाच्या उत्तरात आहेत.

प्रथम तिचे मूळ पाहू. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने नाचाचा एक जलसा भरविला. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घेण्यास पैसे मिळावेत, एवढाच तिचा हेतू. प्रवेशास मुलींना २५ सेंट व मुलांना ५० सेंट पडत. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकाहून आलेला हा अठरा वर्षांचा तरुण पुढे 'कूल हर्क' ह्या नावाने प्रसिद्धीस आला. गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतात, त्या काही क्षणांच्या तुकड्याची नाचणारी मुले वाट पाहत असतात, हे त्याने हेरले होते. तेव्हा एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तोच तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. ह्या कलेचा पाया तो हाच.

आता ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरास हे तत्त्व नवे वाटावयास नको. चिऊकाऊची गोष्ट संपताच 'पुन्हा!' म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलास पुढे काय होणार हे ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच त्यास ती हवी असते. हर्कने ती बालसुलभ मागणी मान्य करून तिचे संगीत केले. ह्याच परिसरातील थिओडोर लिव्हिंग्स्टन ह्याची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी तो खोलीत मोठ्याने तबकडी वाजवीत असता आई दार ठोठावून रागावू लागली. तिचे बोलणे ऐकू यावे म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने धरली. ती मागेपुढे होताच जी खरखर उमटली, तीच पुढे घोटून त्याने वादनाचा एक नवा प्रकार सिद्ध केला, असे तो स्वतः सांगत आला आहे. तात्पर्य, ही कला मुलांच्या हातून, मुलांच्याच कानांसाठी निघाली. तिच्याकडे कान लावणारे मूल वाट चुकून तेथे गेलेले नसते.

तथापि केवळ ठेका म्हणजे काव्य नव्हे. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गीत निघाले आणि ब्राँक्स कधी न पाहिलेल्या घरांतही ही बोलगाणी पोहोचली. चौदा मिनिटांहून लांबलेल्या त्या गीतात फुशारक्या व थट्टामस्करी ह्यांपलीकडे फारसे काही नाही. तरी यमकांच्या खुळखुळ्यामुळे ते मुलांच्या सहज तोंडी बसते. बडबडगीताचे जे मोल, तेच त्याचे. ते मोल कमी लेखू नये, पण वाढवूनही सांगू नये. १९८२ च्या 'द मेसेज' ह्या गीताने ठेका मंदावला, आणि मोडकळीस आलेली वस्ती व तेथे जन्मलेल्या बालकाचे ठरून गेलेले भवितव्य ह्यांस प्रथमच एवढे स्थान दिले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय कृती म्हणजे स्लिक रिक ह्याचे १९८८ सालच्या संग्रहातील 'चिल्ड्रन्स स्टोरी'. मुले निजण्यापूर्वी काकाकडे गोष्ट मागतात, आणि काका ती सांगू लागतो, अशी तिची मांडणी आहे. गोष्ट एका मुलाची. तो सोबत्याच्या नादी लागून लुटालूट करतो, पोलीस पाठलाग करतात, आणि अखेर हातातले पिस्तूल टाकून दिल्यावरही तो गोळीने मरतो. वय सतरा. हे सर्व सांगताना काकाचा सूर एकदाही चढत नाही; अंगाईच्या लाडिक हेलातच मृत्यू येऊन जातो. आठ वर्षांच्या श्रोत्यास त्यात पळापळीची गंमत ऐकू येते. तोच श्रोता अठरा वर्षांचा झाला, की मुखोद्गत असलेल्या त्याच ओळींत त्यास एका मुलाचे प्रेत दिसते. कवीने सूर पालटला असता, तर हा उशिरा बसणारा धक्का नाहीसा झाला असता. आधी कंठी आणि मग चित्तात, असा हा काव्याचा जुना मार्ग आहे. जात्यावरच्या ओव्या मांडीवर निजून ऐकणाऱ्या मुलांस तरी त्यांतले सासुरवाशिणीचे दुःख तेव्हा कोठे उमगत होते?

मात्र ह्याच मार्गाने विषही उतरते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ह्या संगीताचा बराच भाग स्त्रियांविषयी तुच्छतेने, पैशाच्या व शस्त्राच्या दिमाखाने भरलेला आहे. अमेरिकेत १९८५ पासून ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर पालकांसाठी इशारा छापण्याची प्रथा पडली. परंतु ती चिठ्ठी अपशब्द आहेत एवढेच सांगते, ते कशासाठी आहेत हे सांगत नाही. 'द मेसेज'मधील कठोरपणा आणि निव्वळ बाजारी शिवीगाळ ह्यांतील भेद वेष्टनावरून कळणारा नव्हे. केंड्रिक लमार ह्याच्या 'डॅम' ह्या संग्रहास २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, म्हणून सर्वच सोने ठरत नाही. आणि शेजारी शिवी आहे म्हणून सर्वच माती ठरत नाही.

तेव्हा पालकांनी करावे काय? दार ठोठावून आवाज कमी करण्यास सांगावे, तो त्यांचा अधिकारच आहे. पण नंतर आत जाऊन बसावे. मुलास त्याचे आवडते गीत म्हणून दाखविण्यास सांगावे आणि एकेका ओळीचा अर्थ त्याच्यासह लावावा. जे गीत केवळ ठेक्यावर उभे असेल, ते ह्या परीक्षेत दोन दिवसांत फिके पडेल. ज्यात तुच्छतेखेरीज काही नसेल, त्याची लाज मुलास वडिलांसमोर म्हणतानाच वाटेल. आणि ज्यात खरे काव्य असेल, ते वडिलांनाही पुन्हा ऐकावेसे वाटेल.