एका काउबॉयपटाची कुंडली

कुंडली मांडायची तर ज्योतिष्याला दोन गोष्टी आधी लागतात : जन्मवेळ आणि जन्मस्थळ. साहित्यकृतीचेही तसेच आहे. ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ शेवटी आपणहून शके १२१२ हे साल आणि गोदावरीचा काठ सांगून ठेवतो, आणि पुढच्या पंडितांचे निम्मे काम वाचवतो. पण सगळेच कर्ते इतके उदार नसतात. मग अभ्यासकाला कृतीच्या पोटात शिरून शोध घ्यावा लागतो. कोणती नाणी, कोणती शस्त्रे, कोणते राजे, कोणती भाजी! यादवांच्या मुदपाकखान्यात कोणी लाल मिरचीची फोडणी दिली, की आपण चटकन म्हणतो, ‘‘थांबा, मिरची तर पोर्तुगीजांच्या मागून आली!’’

हीच कसोटी आज एका काउबॉयपटाला लावून पाहायची आहे. ‘शोले’मुळे या जातीच्या चित्रपटाची चव आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. धूळ, घोडा, पिस्तूल आणि सूडाने पेटलेला माणूस! असल्या चित्रपटाला साल विचारू नये, गाव विचारू नये. ‘जुन्या काळी, तिकडे कुठेतरी’ एवढ्यावर भागवावे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही, हे दाखवण्यासाठी मी सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा १९६६ सालचा चित्रपट निवडला आहे.

कथा सोपी आहे. दक्षिणेच्या सैन्याचे दोन लाख डॉलर किमतीचे सोने एका कबरस्तानात पुरलेले आहे. टुको या हिकमती लुटारूला कबरस्तानाचे नाव ठाऊक आहे. त्याच्या अबोल सोबत्याला कबरीवरचे नाव ठाऊक आहे. आणि तिसरा, थंड डोळ्यांचा मारेकरी, या दोघांच्या मागावर आहे. भला, बुरा आणि कुरूप ते हेच तिघे. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही आणि कोणाचाच कोणावर विश्वास नाही. भोवती अमेरिकेचे उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटले आहे.

ते युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. म्हणजे काळाचा पट्टा मिळाला. आता नेमके साल हवे. तो दुवा एका नावात सापडतो. पात्रांच्या तोंडी दक्षिणेचा सेनापती सिब्ली याचे नाव येते, आणि त्याचे सैन्य गावातून मागे हटताना दिसते. हा सिब्ली इतिहासातला खरा माणूस. १८६२च्या आरंभी सुमारे अडीच हजार टेक्सासी शिपाई घेऊन तो न्यू मेक्सिकोत घुसला. पलीकडच्या कोलोरॅडो व कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींवर दक्षिणेचा डोळा होता. फेब्रुवारीत वाल्व्हर्डे येथे त्याने उत्तरेच्या सैन्याला मागे रेटले, मार्चमध्ये सांता फे घेतले. पण २६ ते २८ मार्चला ग्लोरिएटा खिंडीतल्या लढाईत उत्तरेच्या एका तुकडीने डोंगरावरून उतरून त्याच्या रसदीच्या गाड्याच जाळून टाकल्या. धान्य गेले, दारूगोळा गेला, आणि सिब्लीला आल्या वाटेने टेक्सासकडे परतावे लागले. चित्रपटातली माघार ती हीच. तेव्हा स्थळ न्यू मेक्सिको आणि काळ १८६२चा वसंत, असा निर्वाळा द्यायला हरकत नाही.

शेवटाकडे आणखी एक खूण आहे. अबोल नायक एका मरणाऱ्या पोरसवदा शिपायाच्या अंगावर आपला कोट घालतो, त्याला चिरूट ओढायला देतो, आणि जाताना तिथला घोंगडीसारखा पोंचो उचलतो. लिओनेच्या आधीच्या दोन चित्रपटांत (१९६४ व १९६५) नायकाच्या अंगावर असाच पोंचो आहे. तिन्ही चित्रपटांतला नायक एकच मानला, तर शेवटी निघालेला हा चित्रपट कथेच्या हिशेबाने सर्वांत आधीचा ठरतो.

इथवर कुंडली सुरेख जुळली. पण आता ग्रह बिघडू लागतात. टुको बंदुकांच्या दुकानात शिरून सुट्या भागांतून मनाजोगते पिस्तूल जुळवतो आणि त्यात धातूची काडतुसे भरतो. १८६२ साली असल्या मोठ्या कोल्ट पिस्तुलात सुटी दारू आणि गोळी ठासावी लागे; पाठीमागून काडतूस भरण्याचे पेटंट दुसऱ्याच्या हाती होते आणि त्याची मुदत १८६९ला संपली. पूल उडवायला डायनामाइटच्या कांड्या बांधतात. आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले ते १८६७ साली. टुको आगगाडीतून उडी मारून पळतो; न्यू मेक्सिकोच्या भूमीवर आगगाडीने पाऊल ठेवले ते १८७८च्या अखेरीस. आणि युद्धकैद्यांच्या छावणीत अँडरसनव्हिलचे नाव निघते. जॉर्जिया राज्यातली ही कुप्रसिद्ध छावणी फेब्रुवारी १८६४मध्ये सुरू झाली. म्हणजे पात्रे दोन वर्षे पुढचे बोलत आहेत!

या सगळ्यांना आपण कालविपर्यास म्हणतो. पण सगळे कालविपर्यास एका माळेत ओवणे हा आळशीपणा होय. काडतुसे, डायनामाइट आणि आगगाडी ही सोयीची चूक आहे. सुटी दारू ठासत बसलेला नायक पडद्यावर कंटाळवाणा दिसतो, म्हणून काडतुसे आली. साध्या दारूच्या पिंपांनीही पूल उडाला असता. या चुका दुरुस्त केल्या तरी कथेचा केसही वाकडा होणार नाही.

अँडरसनव्हिलची गोष्ट वेगळी. त्या छावणीत चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी आले आणि त्यांतले जवळजवळ १३ हजार उपासमारीने व रोगराईने मेले. ती छावणी दक्षिणेची. चित्रपटातली छावणी मात्र उत्तरेची आहे. तिथला अधिकारी सडत्या पायाने खाटेवर पडला आहे, कैद्यांना माणसासारखे वागवा म्हणतो, पण त्याचा हुकूम चालत नाही. बाहेर कैद्यांचा वाद्यवृंद करुण चाल वाजवतो आणि आत मार खाणाऱ्यांच्या किंकाळ्या त्या सुरांत बुडतात. हे दृश्य १८६२चे नाही, खरे म्हणजे १८६४चेही नाही. नाझींच्या छावण्यांत कैद्यांचे वाद्यवृंद होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे सूर ओळखू येतात. लिओनेचा जन्म १९२९चा, रोमचा. मुसोलिनीच्या राजवटीत तो वाढला, आणि जर्मनांनी रोमचा ताबा घेतला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

आणि मग येते ते कबरस्तान. सॅड हिल! मधोमध फरसबंद वर्तुळ, आणि त्याभोवती नजर पोचेल तिथवर कबरींची कडी. टुको त्यांतून धावत सुटतो, मोरिकोनेचे संगीत चढत जाते, कॅमेरा गरगरतो आणि शेवटी कबरींच्या नुसत्या रेषा उरतात. अशा सुमारे पाच हजार कबरी या दृश्यासाठी उभारल्या होत्या. आता आपले साल आणि स्थळ उपयोगी पडते. ग्लोरिएटाच्या खिंडीत दोन्ही बाजूंचे मिळून शंभराच्या आसपास शिपाई ठार झाले. उभ्या मोहिमेतले रणांगणावरचे मृत्यू शेकड्यांत मोजावेत एवढेच. मग हे पाच हजार कोण? १८६२च्या न्यू मेक्सिकोत इतके मुडदे नव्हतेच! ज्याने साल विचारले नाही त्याला हा प्रश्नच पडणार नाही; त्याच्या लेखी ते केवळ भव्य दृश्य.

उत्तर स्पेनमध्ये आहे. चित्रपटाचे वाळवंट आल्मेरियाचे, तर कबरस्तान बुर्गोस प्रांतातल्या एका दरीत, सांतो दोमिंगो दे सिलोस या गावाजवळ. कबरी उभारल्या त्या स्पॅनिश सैन्यातल्या जवानांनी. जनरल फ्रँको तेव्हा सत्तेवर होता, आणि १९३६ ते १९३९च्या स्पॅनिश यादवी युद्धात याच बुर्गोस शहरात त्याच्या सरकारचे ठाणे होते. भावाने भावाला मारलेल्या देशात, त्या युद्धानंतर सत्तावीस वर्षांनी, त्याच देशाचे शिपाई दुसऱ्याच एका यादवीतल्या खोट्या मृतांसाठी माती ओढत होते. दिग्दर्शकाने हे योजले होते की नाही, हा वाद निरर्थक आहे. मातीने आपली साक्ष दिली आहे. पुढे त्या कबरींवर गवत माजले. २०१५पासून हौशी मंडळींनी कुदळी-फावडी घेऊन ते वर्तुळ पुन्हा मोकळे केले. खोट्या कबरींची एवढी निगा!

तर मग हा चित्रपट निर्दोष म्हणायचा काय? नाही. माझा खरा आक्षेप डायनामाइटवर नाही. एका प्रसंगी धुळीने माखलेले घोडेस्वार येतात. टुको त्यांना करड्या गणवेशातले दक्षिणेचे समजून दक्षिणेचा जयजयकार करतो. त्यांचा नायक बाही झटकतो, आणि धुळीखालून उत्तरेचा निळा रंग निघतो. प्रसंग बहारीचा, प्रेक्षक मनमुराद हसतात. पण त्या विनोदात साऱ्या चित्रपटाचे तत्त्वज्ञान आहे : करडा काय, निळा काय, झटकली तर नुसती धूळ. पुलासाठी दोन्ही सैन्ये रोज मरतात आणि तो पूल कोणाला का हवा, हे कोणी विचारत नाही. कोणत्याही युद्धातल्या शिपायाचे हे सत्य आहे. पण हे युद्ध ‘कोणतेही’ नव्हते. ते गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटले होते. दक्षिणेतल्या गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. चित्रपटाच्या कथेत या प्रश्नाला जागाच नाही. लिओनेने साल सैल केले, त्यामुळे साऱ्या युरोपचे मृत त्याच्या कबरस्तानात मावले. पण त्याच सैल विणीतून युद्धाचे कारण मात्र गळून पडले. मेलेले सगळे सारखे, हे खरे. पण ते ज्यासाठी लढले तेही सारखेच होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणून या कुंडलीचे फलित असे : कथेचे साल १८६२, गाव न्यू मेक्सिको, शस्त्रे १८७०च्या पुढची, छावणी १८६४ची आणि १९४४चीही, माती कास्तिलची. एवढी सरमिसळ असूनही चित्रपट थोर आहे, कारण त्यातले मोठे विपर्यास एका खऱ्या दुःखाने घडवले आहेत. मुलाबाळांबरोबर तो जरूर पाहावा. मात्र टुको कबरींमधून धावू लागला, की शेजारच्या मुलाला हळूच विचारावे, ‘‘एवढे कोण रे मेले इथे?’’ त्याला उत्तर येणार नाही. पण तो प्रश्न त्याच्या मनात राहिला, तर पुढे इतिहासाच्या पुस्तकातली नुसती सालेही त्याला नुसती वाटणार नाहीत.