मतं मोजली, पाहिलं कुणी?

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. आप्त कुणाला म्हणायचं? न्यायभाष्यात वात्स्यायनांच्या दोन अटी आहेत : त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. आज या दोन अटी घेऊन आम्ही एका मानकाकडे जाणार आहोत. मानक म्हणजे आधुनिक आप्तवाक्यच की! आयएसआयचा शिक्का बघून आपण वायर घेतो, ती सोलून कुणी पाहत नाही.

प्रकरण ओओएक्सएमएलचं आहे. म्हणजे तुमच्या-आमच्या फाइलींच्या नावाला 'डॉक्स' हे शेपूट लागतं, त्या मांडणीचं. सरकारी दस्तऐवज पन्नास वर्षांनीही उघडता यावेत, तेही कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून खुलं मानक हवं अशी मागणी जोर धरत होती. ओडीएफ या मांडणीला 2006 साली आयएसओची मान्यता मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात मायक्रोसॉफ्टची मांडणी एक्मा या संस्थेने मंजूर केली आणि ती आयएसओकडे गेली 'फास्ट ट्रॅक'ने. पानं सुमारे सहा हजार. मतदानाला मुदत पाच महिने.

या सहा हजार पानांत काय होतं? एक उदाहरण बघा. स्प्रेडशीटच्या तारखांत 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस धरावा, असं मसुदा सांगत होता. तो दिवस उगवलाच नाही! शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष. ही जुनी चूक लोटस 1-2-3 ची, एक्सेलने ती सुसंगतीसाठी उचलली, आणि आता ती जगाचा नियम होऊ पाहत होती. आमच्याकडे अधिक महिना घालतात, पण त्यामागे गणित असतं हो! दुसरीकडे काही कलमं अशी, की 'वर्ड 95 जशी जागा सोडतं तशी सोडा'. वर्ड 95 नेमकी कशी जागा सोडतं, हे ज्याच्याकडे त्याची संहिता त्यालाच ठाऊक. हे मानक झालं की स्वतःकडे बोट दाखवणं झालं?

आता मतदान. स्वीडनमध्ये ऑगस्ट 2007 मध्ये ऐन मतदानाच्या दिवशी वीसहून अधिक कंपन्या शुल्क भरून समितीत दाखल झाल्या, बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या भागीदार. भागीदारांना मतदानाच्या बदल्यात विपणनासाठी मदत देऊ करणारी मेल एका कर्मचाऱ्याने पाठवली होती, हे कंपनीने मान्य केलं. ती एका व्यक्तीची चूक होती, असंही म्हटलं. मत रद्द झालं, पण वेगळ्याच कारणाने : एकाच कंपनीने दोनदा मत दिलं होतं. गंमत इथेच आहे. शुल्क भरून ऐनवेळी आत येणं नियमाविरुद्ध नव्हतंच.

त्याच सुमारास जमैका, माल्टा, सायप्रस यांसारखे देश पूर्ण मताधिकाराचे सदस्य झाले. त्यांच्यावर दबाव होता असं आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्यापुढे नाही. पण मतदान संपल्यावर त्याच समितीतल्या इतर मसुद्यांना पुरेशी मतंच पडेनात, कारण नवे सदस्य फिरकले नाहीत.

इतकं होऊनही सप्टेंबरात प्रस्ताव पडला. 32 पूर्ण सदस्यांपैकी 17 बाजूने, म्हणजे 53 टक्के. हवे होते दोन-तृतीयांश. मग फेब्रुवारी 2008 मध्ये जिनिव्हात पाच दिवसांची बैठक झाली. हजारावर हरकतींच्या उत्तरांपैकी फारच थोड्यांवर चर्चा झाली. उरलेली मतपत्रिकेवर एकगठ्ठा निकालात काढली. आमच्या मते खरा दोष इथे आहे. लाच आणि दबाव यांच्याबद्दल वर्तमानपत्रं लिहितात, ते लिहू द्या. वात्स्यायनांची पहिली अटच इथे मोडली : पाहिलंच नाही, तर सांगणार काय? दुसऱ्या बाजूला आयबीएमसारख्या कंपन्याही निःस्वार्थ नव्हत्या, हेही बोललं पाहिजे. पण विरोधकाचा स्वार्थ दाखवून न वाचलेलं पान वाचलेलं होत नाही.

एप्रिलात निकाल आला : 32 पैकी 24, मंजूर. आयएसओ स्वतः सहमतीची व्याख्या करताना महत्त्वाच्या मुद्द्यांवर टिकून राहिलेला विरोध नसणं, असं म्हणते. इथे भारताने विरोधी मत कायम ठेवलं. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, ते ऑगस्टमध्ये फेटाळलं. नॉर्वेत समितीतल्या बहुसंख्य तज्ज्ञांचा नकार असताना राष्ट्रीय संस्थेने होकार कळवला. त्या समितीच्या 23 सदस्यांपैकी 13 जणांनी त्याच वर्षी राजीनामे दिले.

मंजुरीसाठी मानकाचे दोन भाग केले होते : एक 'स्ट्रिक्ट', आणि जुन्या खोडी सांभाळणारा 'ट्रान्झिशनल', तात्पुरता म्हणून. जिनिव्हाच्या बैठकीचे निमंत्रक अ‍ॅलेक्स ब्राउन यांनी 2010 मध्ये तक्रार केली, की नवं ऑफिस तात्पुरताच प्रकार लिहितं. 2013 च्या आवृत्तीत 'स्ट्रिक्ट'चा पर्याय आला खरा, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. तुम्ही नुसतं 'सेव्ह' दाबलंत, तर आजही तात्पुरताच प्रकार जतन होतो.