शिल्पातला फ्लेमिंगो चिखलात का नाही?

वर्तकनगरहून उपवन तलाव जवळच आहे, पण फ्लेमिंगो बघायचे तर मला ठाणे-नेरूळ लोकल पकडावी लागते. नेरूळच्या पाम बीच परिसरात खाडीच्या अंगाने चालताना खरे पक्षी दिसण्याआधी शिल्पातले फ्लेमिंगो भेटतात.

माझ्या संशोधन प्रस्तावातला पहिला प्रश्न होता, ‘या शिल्पांमुळे जनजागृती होते का?’ मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘मोजणार कशी?’ आठवडाभर राग होता. मग कळलं, की मी शिल्पं नीट बघितलीच नव्हती. म्हणून आधी फक्त बघायचं ठरवलं: रंग, ढब आणि जागा.

रंग गुलाबी. खाडीतल्या थव्यात मात्र कोवळे पक्षी राखाडी असतात. गुलाबी छटा अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढते. म्हणजे रंग हा खाण्याचा हिशेब आहे. शिल्पात त्याचं नुसतं रंगकाम होतं.

ढब ऐटदार, मान उंच. ओहोटीला खाडीवर उभे राहा. तिथला पक्षी डोकं उलटं करून, चोच चिखलपाण्यात घालून अन्न गाळत असतो. ही ढब मला एकाही शिल्पात दिसली नाही. माझा मुख्य आक्षेप हाच: शिल्पाने पक्षी उचलला, चिखल मागे ठेवला.

आता जागा. अमेरिकन शिल्पकार टॉड मॅकग्रेनने नामशेष झालेल्या पाच पक्ष्यांची ब्राँझ शिल्पं केली आणि ती त्या-त्या पक्ष्याच्या अखेरच्या नोंदींशी जोडलेल्या ठिकाणी बसवली. लॅब्राडोर बदकाची शेवटची नोंद १८७८ची, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराची, शिल्पही एल्मायरातच. तिथे जागाच पुरावा आहे.

आपले पक्षी तर हयात आहेत. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तरी २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मेले आणि भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्याच्या तक्रारी झाल्या. शिल्पाला भरती लागत नाही, पक्ष्याला लागते. हा फरक शिल्पाजवळ उभं राहून कळत नसेल, तर ते शिल्प अपुरं आहे.

निरुपयोगी मात्र नाही हं. तिथे लहान मुलं थांबतात, ‘हा कुठला पक्षी?’ विचारतात. त्यांना पुढे पाण्याकडे वळवायचं काम तेवढं राहिलंय.

माझा नवा प्रश्न असा: ‘पक्ष्याच्या अधिवासातलं शिल्पात काय येतं आणि काय गळतं?’ याचं उत्तर छायाचित्रं आणि निरीक्षणवही घेऊन शोधता येतं. तुम्हीही प्रस्ताव लिहित असाल, तर ‘परिणाम काय?’ विचारण्याआधी समोर काय आहे ते लिहून काढा. आणि खाडीवर जाल तेव्हा ओहोटीची वेळ बघून जा.