सोळा स्वप्ने आणि त्यांचे अर्थ लावणारे

स्वप्नात अमुक दिसले तर अमुक फळ, असे सांगणाऱ्या पुस्तिका आजही पंचांगांशेजारी विकल्या जातात. त्यांवर टीका केली की ‘बौद्ध साहित्यात तरी स्वप्नफले नाहीत काय?’ असा प्रश्न आम्हांस केला जातो. प्रश्न टाळण्याजोगा नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात स्वप्नफले सांगून उपजीविका करणे ही ‘तिरच्छानविज्जा’, म्हणजे हीन विद्या, ठरविली आहे; आणि महासुपिन जातकात (क्र. ७७) मात्र स्वतः तथागत कोसलराज पसेनदीच्या १६ स्वप्नांचा अर्थ सांगताना दिसतात.

या कथेतील राजपुरोहित राज्य, जीवित किंवा धन यांपैकी एकावर संकट येणार असे सांगून राजाला घाबरवितात आणि उपाय म्हणून पशुयज्ञ सुचवितात. पशू बांधून आणले जातात. मल्लिका राणी राजाला भगवंतांकडे जाण्यास सुचविते, म्हणून ते वाचतात. याच जातकातील अतीतकथेत एक तरुण शिष्य आचार्यांना विचारतो की, एकाला मारून दुसऱ्याचे कल्याण होते असे वेदांत कोठे सांगितले आहे? आचार्य शास्त्रार्थ करीत नाहीत. यातून आपल्याला पुष्कळ धन मिळेल, एवढेच सांगतात. मिलिंदपञ्हात म्हटले आहे की स्वप्न पाहणाऱ्याला त्याचे फळ ठाऊक नसते, इतर लोक ते त्याला सांगतात. ही जागा मोकळी असते म्हणूनच तेथे पुरोहिताचा शिरकाव होतो.

तथागतांच्या मुखी घातलेले अर्थ निराळे आहेत. राजद्वारी भरलेल्या रांजणातच लोक पाणी ओतीत राहतात, भोवतालच्या रिकाम्या घड्यांकडे कोणी पाहत नाही. म्हणजे प्रजा राजाची कोठारे भरील आणि तिची स्वतःची रिती राहतील. पुष्करिणी मध्यभागी गढूळ व काठाशी निर्मळ दिसते. म्हणजे करांनी पिळलेले लोक राज्याच्या सीमांकडे निघून जातील. लाखमोलाचे चंदन सडक्या ताकासाठी विकले जाते, म्हणजे लोभी भिक्षू लाभासाठी धम्म सांगतील. भिक्षूंनीच जतन केलेल्या ग्रंथात हे वाक्य टिकले, ही आम्हांस लहान गोष्ट वाटत नाही. मात्र ‘हे तुझ्या काळी घडणार नाही’ या आश्वासनाने राजा फार स्वस्तात सुटतो. कर तर तोही घेतच होता.

खरी अडचण पुढे आहे. सुवर्णपंखी हंस एका कावळ्याच्या मागे फिरताना राजाला दिसतात. त्याचा अर्थ असा दिला आहे की, पुढील राजे न्हावी व सेवक यांना अधिकार देतील आणि कुलीनांना त्यांची चाकरी करावी लागेल. सोन्याचे पात्र व कोल्हा, बुडणारे भोपळे, बोकडांना भिणारे लांडगे यांचेही अर्थ याच वळणाचे आहेत. जन्माने कोणी वसल होत नाही, असे वसलसुत्तात सांगणारे तथागत हे बोलले असतील काय? आमच्या मते नाही. गाथेत केवळ स्वप्नांची यादी व ‘विपर्यास चालू आहे’ एवढा उल्लेख आहे. कुलीन-अकुलीनाचा सारा विस्तार अट्ठकथेच्या गद्यातील आहे. येथे अर्थ लावणाऱ्याने आपल्या काळचा जात्यभिमान स्वप्नात ओतला आहे. पुरोहिताने भय ओतले, याने अभिमान.

याउलट अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातातील बोधिसत्त्वाची पाच महास्वप्ने पाहावीत. त्यांपैकी चौथ्यात चार दिशांनी चार निरनिराळ्या रंगांचे पक्षी येतात, बोधिसत्त्वाच्या पायांशी पडतात आणि सर्व सारखेच शुभ्र होतात. खत्तिय, ब्राह्मण, वेस्स, सुद्द हे चारही वर्ण घरदार सोडून तथागताच्या धम्मविनयात येतील आणि अनुत्तर विमुक्ती साक्षात करतील, असा सुत्ताने त्याचा अर्थ दिला आहे. पक्षी येथेही आहेत, रंगभेदही आहे; पण तो मिटतो, आणि कोणाच्या वर चढण्याची कोणाला भीती वाटत नाही.

हंस-कावळ्याचा भाग धम्मप्रवचनात गाळावा, असे आमच्या काही मित्रांचे मत आहे. आम्हांस ते पटत नाही. गाळू लागल्यास उद्या चंदन आणि ताकही कोणाला गैरसोयीचे वाटेल. गाथा कोठे संपते व अट्ठकथा कोठे सुरू होते हे श्रोत्यांना दाखवून तो भाग वाचावा, आणि त्याच बैठकीत चार पक्ष्यांचे सुत्तही वाचावे.