कवचे उतरवण्याचा क्रम

सिराक्यूज विद्यापीठातील वेनलियांग डू यांनी २००२ पासून संगणक-सुरक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सीड लॅब्ज’ ही प्रात्यक्षिकांची माला उभी केली. तिच्यातला बफर ओव्हरफ्लोचा पाठ वरवर पाहता आज्ञांची यादी आहे. त्याची खरी गोडी त्या आज्ञांच्या क्रमात आहे.

पाठाचे बीज एका छोट्या सी प्रोग्राममध्ये आहे. तो फाइलमधून ५१७ बाइटपर्यंत मजकूर वाचतो आणि ‘स्ट्रकॉपी’ने १०० बाइटच्या बफरमध्ये ओततो. स्ट्रकॉपी जागा मोजत नाही. सांडलेले बाइट स्टॅकवर पसरतात आणि फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ताच बदलून टाकतात. मग हल्लेखोर प्रोग्रामला त्याच बाइटांत दडवलेल्या स्वतःच्या कोडकडे वळवू शकतो. १९८८ च्या मॉरिस वर्मने याच जातीच्या दोषाचा फायदा घेतला होता. आजच्या लिनक्सवर मात्र हा हल्ला सहज साधत नाही, म्हणून पाठ आधी संरक्षणाची कवचे उतरवायला सांगतो.

पहिली आज्ञा कर्नलला: ‘रँडमाइझ व्हीए स्पेस’ शून्य कर, म्हणजे पत्त्यांची सरमिसळ बंद कर. आता स्टॅक दर वेळी त्याच पत्त्यावर बसतो, आणि तेही यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रामचा. पुढच्या दोन आज्ञा कंपाइलरला: परतीच्या पत्त्याआधीची पहारेकरी संख्या, म्हणजे कॅनरी, ठेवू नकोस आणि स्टॅकवरचा कोड चालू दे. या दोन्हींचा परिणाम त्या एका प्रोग्रामपुरता. कर्नलमधला बदल यंत्र पुन्हा सुरू होताच पुसला जातो, कंपाइलरचा त्या बायनरीत कायम राहतो. कोणते कवच कुठे वसते आणि कोणाकोणाला झाकते, हे विद्यार्थ्याच्या हाताला व्याख्यानाविना कळते.

पाठाचा कळस कवचे पुन्हा चढवण्यात आहे. पत्त्यांची सरमिसळ सुरू केली, तरी ३२-बिट प्रोग्रामच्या स्टॅकसाठी ती १९ बिटांची, म्हणजे ५,२४,२८८ शक्यतांची. तोच हल्ला लूपमध्ये फिरवत ठेवला की केव्हातरी नेम लागतो. संरक्षणाचे बळ मोजता येते, हे इथे उमगते. कॅनरीकडे वळताना पाठ सरमिसळ पुन्हा बंद करायला लावतो. कोणत्या कवचाने हल्ला अडला याचा संशय उरू नये, ही त्यामागची शास्त्रीय शिस्त मला फार मोलाची वाटते.

मग दोन अपयशे शेजारी ठेवून वाचावीत. कॅनरी असेल तर ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ असा संदेश येतो: फंक्शन परतण्याआधीच लबाडी पकडली गेली. फक्त स्टॅकवरचा कोड चालण्याची मुभा काढली तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो: उडी पडली, पण पाय ठेवायला जागा नव्हती. परतीचा पत्ता मात्र हल्लेखोराच्या हाती गेलेलाच होता. म्हणून आधीच असलेल्या लायब्ररीतील फंक्शनवर उडी मारण्याची वाट खुली राहते, आणि मालेतला ‘रिटर्न-टू-लिबसी’ हा वेगळा पाठ त्याच वाटेने जातो.

हल्ला साधून रूट शेल, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकाराने आज्ञा देण्याची सोय, मिळाली की विजयाच्या भरात थांबण्याचा मोह होतो. शिक्षकाने तिथे वर्ग सोडू नये. तिथवर विद्यार्थी हल्ला शिकलेला असतो. बचावाची पारख त्याला त्यापुढच्या भागातच येते.